पुनर्विकासाच्या वस्तीत संस्थेनं काम कसं करावं: पहिल्या फेरीपासून नव्या इमारतीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत

मुंबईत एखाद्या वस्तीवर पुनर्विकासाचा बोर्ड लागला की महिन्या-दोन महिन्यांत तिथे दोन-तीन संस्था हजर होतात. कुणी शिवणवर्ग काढतं, कुणी आरोग्य शिबिर घेतं, कुणी दप्तरं वाटतं. पुढे परिशिष्ट-२, म्हणजे नव्या घराला पात्र कोण आणि अपात्र कोण याची सरकारी यादी, लागतं. त्यात शिवणवर्गातल्याच बाया अपात्र निघतात आणि त्यांच्यासाठी संस्थेच्या कपाटात एक कागदही नसतो.

दुसऱ्यांची उणीदुणी काढायला हे लिहीत नाही. आमच्या छोट्या संस्थेनं एका वस्तीत अगदी हेच केलं होतं. यंत्रं आणली, उद्घाटन झालं, आणि दीड वर्षानं त्या यंत्रांवर शिकलेल्या बाया गाव सोडावं तशा विखुरल्या. आमचा हेतू बरा होता, क्रम चुकला होता. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमानं वाचा. कागद आधी, बैठक त्यानंतर, कार्यक्रम सगळ्यात शेवटी.

## टप्पा १: आधी स्वतःचं घर आवरा

वस्तीत पाऊल टाकण्यापूर्वी कार्यकारिणीत तीन गोष्टी ठरवा आणि ठरावाच्या वहीत लिहा.

पहिली, पैसा कुणाचा. ज्या बिल्डरची योजना त्या वस्तीत चालू आहे त्याच्याकडून, त्याच्या ट्रस्टकडून किंवा त्याच्या कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) त्याच वस्तीतल्या कामासाठी पैसे घेऊ नका. 'झोपडपट्टी विकास' हा विषय कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत असल्यामुळे असा निधी देणं-घेणं कायद्यात बसतं. वस्तीत मात्र तो दिसला की तुम्ही 'बिल्डरचे' झालात, मग कितीही खुलासे करा. दुसऱ्या कंपनीचा सीएसआर घ्यायचा असेल तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी झालेली हवी. परदेशी देणगी असेल तर परदेशी देणगी कायद्याच्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. वस्तीतल्या मंडळाला त्यातून 'थोडे देऊ' हा विचार सोडून द्या.

दुसरी, मुदत. अनुदान बहुधा वर्षाचं मिळतं आणि योजना पाच, सात, कधी दहा वर्षं रेंगाळते. आठ कार्यकर्ते एका वर्षासाठी नेमण्यापेक्षा दोन कार्यकर्ते चार वर्षं टिकतील असा हिशोब मांडा. त्यातली एक बाई त्याच वस्तीतली असावी.

तिसरी, सीमा. संस्था कुणाच्या वतीनं सही करणार नाही, बिल्डरची निवड करणार नाही, कुणाकडून 'खर्चापाण्याचे' पैसे घेणार नाही. पहिल्याच दिवशी हे बोलून टाकलं नाही तर सहाव्या महिन्यात कुणीतरी विचारतंच, "ताई, तुमचं किती ठरलं?"

## टप्पा २: जमीन कुणाची, योजना कुठली

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. 'पुनर्विकास' या एका शब्दाखाली मुंबईत निरनिराळे नियम चालतात आणि एका वस्तीचा सल्ला दुसरीत चुकीचा ठरतो.

झोपडपट्टी असेल तर विकास नियंत्रण नियमावली २०३४ चा नियम ३३(१०) आणि एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. दक्षिण-मध्य मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर लागणाऱ्या) इमारती ३३(७) मध्ये येतात. अशा अनेक इमारतींचा समूह एकत्र घेतला तर ३३(९), भेंडीबाजारात झालं तसं. म्हाडाच्या वसाहतींना ३३(५). बीडीडी चाळींचं काम म्हाडाच करते आहे. आणि नोंदणीकृत सोसायटीची इमारत असेल तर सहकार कायद्याचं कलम ७९(अ) आणि ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय. इथून पुढचं बहुतेक विवेचन एसआरएच्या वस्तीला धरून आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो.

काय करायचं: नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. जमीन महापालिकेची, म्हाडाची, जिल्हाधिकाऱ्यांची, केंद्राची की खासगी, हे त्यातून कळतं. परिशिष्ट-२ कोणता सक्षम प्राधिकारी काढणार तेही यावरच ठरतं. जमीन रेल्वेची किंवा विमानतळाची असेल तर एसआरएची नेहमीची वाट तिथे सरळ चालत नाही. मग एसआरएत योजना दाखल आहे का, आशयपत्र (योजनेला मंजुरी देणारं एसआरएचं पत्र) निघालं आहे का, ते पाहा. मिळत नसेल तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका, उत्तराला ३० दिवस धरा. अर्जात 'सर्व माहिती द्या' असं लिहू नका, तसा अर्ज हमखास परत येतो. भूमापन क्रमांक लिहा आणि हवे ते कागद नावानिशी मागा.

तपासा: मिळकत पत्रिका, योजनेचं नाव, मुख्य प्रवर्तकाचं (वस्तीच्या नियोजित सोसायटीच्या वतीनं पुढे असलेल्या माणसाचं) नाव आणि सक्षम प्राधिकारी. या चार गोष्टी हातात आल्याशिवाय तिसरा टप्पा सुरू करू नका.

## टप्पा ३: सगळ्यांची नोंद, फक्त मालकांची नाही

सरकारी यादी झोपडी मोजते. संस्थेनं माणसं मोजायची. तुमच्या आणि सरकारच्या नोंदीत इथेच फरक पडायला हवा, नाहीतर तीच यादी दुसऱ्यांदा करण्यात अर्थ नाही.

एका झोपडीत खाली मालक, पोटमाळ्यावर भाडोत्री, मागच्या पडवीत इमिटेशन ज्वेलरीचे मणी ओवणाऱ्या दोघी, दाराशी सकाळची इडलीची गाडी, असं मुंबईत सर्रास असतं. परिशिष्टात यातलं बहुधा एकच नाव येतं. पोटमाळ्यावरच्या भाडोत्र्याला सहसा घर मिळत नाही, हे खरं आणि ते त्याला स्पष्ट सांगायचं. पण त्याच्या मुलीची शाळा, त्याचं रेशन, त्याच्या बायकोचं बाळंतपण हे प्रश्न घराच्या पात्रतेवर अडत नाहीत. तिथे संस्थेला खूप काही करता येतं.

नोंद करताना:

१. गल्लीतल्याच तीन-चार बायांना शिकवा आणि त्यांच्याकडूनच फॉर्म भरून घ्या. बाहेरच्या पोराला सांगितलं जात नाही ते मावशी मावशीला सांगते.

२. वेळ संध्याकाळी सातनंतरची किंवा रविवारची. पाणी येण्याच्या वेळेला कुणाच्याही दारात उभं राहू नका.

३. फॉर्म एकाच पानाचा ठेवा. घरातली सगळी माणसं, कोण कधीपासून राहतं, खाली की वर, कोण कुठे काम करतं, घरात बसून काय काम होतं आणि त्याला किती जागा लागते, मुलं कुठल्या शाळेत, कुणाला नियमित औषध चालू आहे, कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे.

४. बाईचं नाव तिच्याच तोंडून विचारा. 'मिसेस' किंवा 'बायको' एवढं लिहून पुढे जाऊ नका.

५. झोपडीला सरकारी क्रमांक असेल तर तोच वापरा. आपला नवीन क्रमांक दारावर रंगवू नका. लोक धास्तावतात आणि दलालांना आयतं निमित्त मिळतं.

सावधान: मूळ कागद कधीही ताब्यात घेऊ नका, 'उद्या देतो' म्हणूनही नाही. मोबाइलवर फोटो काढा, कागद तिथल्या तिथे परत द्या. आधारची झेरॉक्स घेतलीच तर तिच्यावर आडव्या रेषा मारून कशासाठी घेतली ते आणि तारीख लिहा. एका वस्तीत अशाच गोळा झालेल्या झेरॉक्स नंतर भलत्याच संमतीपत्रांना जोडलेल्या निघाल्या होत्या.

## टप्पा ४: प्रत्येक घराची फाईल

सगळ्यात कंटाळवाणा टप्पा आणि सगळ्यात मोलाचा. तीनशे घरांच्या वस्तीला यात सहा-आठ महिने सहज जातात, जाऊ द्या.

पात्रतेचा गाभा साधा आहे. १ जानेवारी २००० पूर्वी झोपडी होती आणि आज तुम्ही तिथे राहता, या दोन्हीचा पुरावा लागतो. लोक पहिला पुरावा जपून ठेवतात आणि दुसरा विसरतात. गावी दोन वर्षं राहून आलेल्या म्हाताऱ्यांची नावं यातच उडतात. १ जानेवारी २००० ते १ जानेवारी २०११ या काळातल्यांना घर मिळतं, पण सशुल्क. ती रक्कम अडीच लाख रुपये ठरलेली आहे. एवढे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न फाईल करतानाच काढा, नाहीतर व्याजानं देणारा तो आधी काढतो.

फाईलमध्ये जुन्या मतदार यादीचा प्रमाणित उतारा, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) किंवा झोपड्यांच्या सरकारी गणनेची पावती, जुनं-नवं वीजबिल, रेशनकार्ड, मुलांच्या शाळेचे दाखले ठेवा. दुकान असेल तर गुमास्ता परवाना. दुकानाची फाईल वेगळी करा. त्यांना सध्याच्या जागेइतकं, पण जास्तीत जास्त २२५ चौरस फूट मोफत मिळतं आणि पुरावेही वेगळे लागतात.

आता नेहमीच्या अडचणी:

नावातली तफावत. मतदार यादीत माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, वीजबिल सासऱ्याच्या नावावर. विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नोंद, प्रतिज्ञापत्र यांतलं काय लागेल ते घरागणिक ठरवा आणि आत्ताच करा. परिशिष्ट लागल्यावर सगळी वस्ती एकाच नोटरीसमोर रांग लावते.

मूळ झोपडीधारक वारलेला. मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी काढून ठेवा. भावाभावांत वाद असेल तर संस्थेनं न्यायाधीश व्हायचं नाही. वाद आहे एवढी नोंद फाईलवर करा आणि दोघांनाही विधी सेवा प्राधिकरणाची मोफत वकिलाची सोय सांगा.

टाकलेल्या, वेगळ्या झालेल्या बाया. कागद नवऱ्याच्या नावावर, नवरा कुठेतरी नालासोपाऱ्याला, आणि वीस वर्षं घर चालवते ती ही. अशा फाइली वेगळ्या रंगाच्या ठेवा आणि आधी हाती घ्या. तिच्या स्वतःच्या नावाचा प्रत्येक कागद, बँकेचं पासबुक, दवाखान्याचं कार्ड, मुलांच्या दाखल्यावरचं आईचं नाव, सगळं जमवा.

विकत घेतलेली झोपडी. इथे आधीच्या मालकाचेही कागद लागतात. साध्या स्टॅम्पपेपरवरच्या व्यवहारावर 'होईल' असं आश्वासन कुणाला देऊ नका.

परिशिष्ट-२ ची प्रारूप (कच्ची) यादी लागली की त्याच दिवशी प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि आपल्या नोंदवहीशी ओळ न् ओळ ताडून पाहा. हरकतीची आणि अपिलाची मुदत यादीवर किंवा निर्णयाखाली लिहिलेली असते, ती मोठ्या अक्षरात गल्लीच्या तोंडाशी लावा. हरकत लेखी द्या, पोच घ्या. "साहेबांना भेटून सांगितलं" याला काहीही किंमत नाही.

तपासा: अपात्र ठरलेल्या प्रत्येकाला कारण माहीत आहे का? 'अपात्र' एवढंच नको, यादीच्या शेऱ्यात काय लिहिलं आहे ते. कारण कळल्याशिवाय अपील लिहिता येत नाही.

## टप्पा ५: बैठक

बैठक उशिरा घ्यायची, याचं अनेकांना नवल वाटतं. पण फाइली होण्याआधी बोलावलेल्या सभेत कमिटीचे चार पुढारी बोलतात आणि बाकीचे मान डोलावतात. फाईल हातात असलेली बाई सभेत प्रश्न विचारते.

मोठ्या सभेआधी गल्लीगल्लीत दहा-बारा घरांच्या छोट्या बैठका घ्या. बायांची वेगळी, भाडोत्र्यांची वेगळी, दुकानदारांची वेगळी. भाडोत्री मालकासमोर तोंड उघडत नाही.

छोट्या बैठकीत एक गोष्ट जरूर करा. मैदानात किंवा शाळेच्या हॉलमध्ये खडूनं ३०० चौरस फुटांचं घर आखा. एसआरएत पात्र निवासी झोपडीला एवढंच चटईक्षेत्र मिळतं. नकाशातलं स्वयंपाकघर, मोरी, संडास दाखवा, खरी खाट आणि खरं कपाट आणून ठेवा. मग पाच माणसांना त्यात झोपायला सांगा. हसू होतं, गलका होतो, आणि पंधरा मिनिटांत असे प्रश्न निघतात की दोन तासांच्या भाषणात निघाले नसते. "शिलाई मशीन कुठं ठेवायची?" हा पहिला. "आजीला रात्री उठून जायचं तर दार कुठल्या बाजूला?" हा दुसरा.

संमतीबद्दल स्पष्ट बोला. बिल्डरमार्फत होणाऱ्या योजनेला ५१ टक्के झोपडीधारकांची संमती लागते. सरकारी यंत्रणा स्वतः राबवते तिथे ही अट नसते, धारावीत तसंच आहे. आणि योजना मंजूर झाल्यावर उरलेले अडून बसले तर झोपडपट्टी कायद्याच्या कलम ३३ आणि ३८ खाली घर रिकामं करून घेता येतं. हे लोकांना सांगितलं की संस्था बिल्डरची बाजू घेते असा आरोप होईल. होऊ द्या. नोटीस दारावर चिकटल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

सावधान: कोऱ्या कागदावर किंवा हजेरीच्या नावाखाली सही नको. संस्थेच्या हजेरीपत्रकाच्या प्रत्येक पानावरही सभेची तारीख आणि विषय छापलेला असू द्या.

## टप्पा ६: करारात काय पाहायचं

इथे वकील लागतो. संस्थेचं काम एवढंच की करार मराठीत, मोठ्यानं, गल्लीत बसून वाचला जाईल. वाचताना या जागी थांबा:

नाव. ३३(१०) च्या नियमाप्रमाणे घर झोपडीधारक आणि त्याची जोडीदार यांच्या संयुक्त नावानं असायला हवं. हे उपकार म्हणून मागायचं नसतं, नियमातच आहे. तरी करारात एकच नाव टाकलेलं सापडतं. प्रत्येक करार उघडून पाहा.

भाडं. एसआरएच्या परिपत्रकानुसार दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायचं असतं आणि पुढच्या वर्षाचे चेक आधीच द्यायचे असतात. जमा झालं का, याची लेखी खात्री झाल्याशिवाय घर रिकामं करण्याची तारीख मान्य करू नका. भाडं कुणाच्या खात्यात येणार तेही विचारा. दारूत भाडं उडवणाऱ्या नवऱ्याचं खातं नको असेल तर ते आत्ताच बोलावं लागतं.

सामाईक जागा. बालवाडी, कल्याण केंद्र, सोसायटीचं ऑफिस योजनेत असतंच. नकाशात ते कुठे दाखवलं आहे ते पाहा. पार्किंगच्या मागे अंधाऱ्या कोपऱ्यात असेल तर आत्ताच हरकत घ्या, इमारत उभी राहिल्यावर भिंत सरकत नाही.

## टप्पा ७: घर सोडण्याचा महिना

यादी करा आणि घरागणिक खुणा करत जा. शाळा बदलणार की लांबून यायचं? परीक्षेच्या तोंडावर स्थलांतर असेल तर तारीख पुढे ढकलायचा लेखी अर्ज द्या. क्षयरोगाची औषधं चालू असलेल्यांचं केंद्र बदलून घ्या. खाडा झाला की उपचार पुन्हा पहिल्यापासून करण्याची पाळी येऊ शकते. गरोदर बायांची आणि लहान मुलांची कार्डं नव्या ठिकाणच्या अंगणवाडीला आणि आरोग्य केंद्राला कळवा. रेशन आता दुसऱ्या दुकानातूनही उचलता येतं, पण अंगठा जुळतो की नाही ते आधीच एकदा करून पाहा.

प्रत्येक घराचा नवा पत्ता आणि दोन फोन नंबर घ्या, त्यातला एक गावाकडचा. तीन वर्षांनी चावी द्यायची वेळ येते तेव्हा पहिला नंबर बंद असतो.

भाडोत्र्यांची यादी या महिन्यात सगळ्यात उपयोगी पडते. त्यांना कुणी भाडं देत नाही, तारीखही कुणी सांगत नाही.

## टप्पा ८: रोजगाराचे कार्यक्रम आता

आता काढा शिवणवर्ग, पण टप्पा ३ ची वही समोर ठेवून. पापड वाळत घालायला गच्ची लागते, भंगार वेचून आणणाऱ्याला तळमजल्यावर छटाई करायला जागा लागते, मसाला कांडणाऱ्या बाईला शेजाऱ्यांची तक्रार होणार नाही अशी खोली लागते. बाविसाव्या मजल्यावर यातलं काहीच आपोआप मिळत नाही. सोसायटीच्या सभेत गच्चीच्या वापराची वेळ, लिफ्टमधून माल नेण्याची वेळ ठरवून घेतली तर दहा घरांचा धंदा वाचतो, आणि त्याला अनुदानही लागत नाही.

## टप्पा ९: नवी इमारत, पहिली तीन वर्षं

फीत कापली की संस्था निघून जातात. खरी गळती मात्र इथून सुरू होते, आणि तिचं नाव मेंटेनन्स.

हिशोब लोकांसमोर फळ्यावर मांडा. अनेक योजनांत बिल्डरनं घरामागे ४०,००० रुपये देखभालीसाठी जमा केलेले असतात. तुमच्या योजनेचा आकडा आशयपत्रात पाहा. सहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला २,४००, म्हणजे महिन्याला २०० रुपये. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, सफाई यांचा खर्च यात बसत नाही. उरलेला घरामागे किती येतो ते पहिल्याच महिन्यात ठरवा. तो थकला की लिफ्ट बंद, लिफ्ट बंद की आजी घरातच, आणि मग दलाल दार वाजवतो.

कमिटीत निदान चौघी-पाचजणी हव्यात, आणि पासबुक कोण पाहतं ते सगळ्यांना माहीत हवं. लिफ्टच्या देखभालीचा करार, पाण्याच्या टाक्यांची सफाई आणि अग्निशमन यंत्रणेची तपासणी यांच्या तारखा जिन्यात लावा.

दर सहा महिन्यांनी टप्पा ३ ची वही घेऊन पुन्हा दारोदार जा. कोण आहे, कोण नाही. घर सोडून गेलेल्यांसमोर नुसतं 'गेले' लिहू नका. भाड्यानं दिलं, विकलं, मेंटेनन्स झेपला नाही, काम लांब पडलं, म्हातारी पडली, जे असेल ते लिहा. विक्रीवर ठरावीक वर्षं बंदी असते, त्यामुळे विकणारे खरं कारण सहसा बोलत नाहीत. शेजारच्या दारात विचारा.